पुण्यात ऑक्टोबरफेस्टची बिअर: लागर यीस्ट घ्यावं की एल?

ऑक्टोबरफेस्टची, म्हणजे म्युनिकच्या बिअर उत्सवाची, ती तांबूस, माल्टदार मेर्त्सन घरी करायची म्हटलं की पाककृती शोधणं सोपं असतं, अडतं ते तापमानावर. मूळ बिअर लागर यीस्टची. हे यीस्ट ९ ते १३ अंशांत काम करतं आणि नंतर शून्याच्या जरा वर कित्येक आठवडे निवांत पडून राहायला मागतं. जानेवारीत पुण्याचा पारा पहाटे १०-११ वर उतरतो हे खरं, पण त्याच दिवशी दुपारी तो ३० ला टेकतो. त्यामुळे ‘थंडीत गॅलरीत ठेवून देऊ’ हा बेत डोक्यातून काढूनच टाका. यीस्टला नुसता गारवा पुरत नाही, तो दिवसरात्र एकसारखा लागतो.

मग उरतात दोन वाटा. जुना फ्रिज आणून खरी लागर करायची, नाहीतर जास्त उबेत काम करणाऱ्या एल यीस्टवर तिच्या जवळपास पोचायचं. फ्रिज फक्त याच कामाला देता येत नसेल तर एल घ्या, आणि त्यात कमीपणा मानू नका. मात्र कुठलं एल, यावर बरंच काही ठरतं.

त्याआधी कायद्याचं बोलून घेऊ. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा त्याखाली गुन्हा आहे. तेव्हा भांडी विकत घेण्याआधी उत्पादन शुल्क विभागात चौकशी करा.

कुठली ऑक्टोबरफेस्ट बिअर हवी, हेही आधी ठरवायला हवं, कारण या नावाखाली दोन वेगळ्या बिअर येतात. बव्हेरियात १५५३ पासून उन्हाळ्यात बिअर करायला बंदी होती. २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर भट्ट्या बंद, म्हणून मार्चमध्ये जरा कडक बिअर करून ती थंड तळघरांत ठेवायची पद्धत पडली. मेर्त्सन ती हीच. १८१० साली युवराज लुडविगच्या लग्नानिमित्त म्युनिकमध्ये उत्सव सुरू झाला आणि १८७२ मध्ये तांबूस मेर्त्सन तिथे पोचली. आज मात्र तिथल्या तंबूंत मिळते ती सोनेरी, हलकी फेस्टबिअर. अलीकडे म्युनिकला जाऊन आलेल्यांच्या जिभेवर तीच चव असते. फेस्टबिअरमध्ये यीस्टला लपायला जागा नाही, थोडा फळाचा वास आला तरी लगेच कळतो. तांबूस मेर्त्सनमध्ये म्युनिक माल्टचा (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली) भाजलेल्या पावाच्या कडेसारखा वास इतका भरून असतो की एल यीस्टच्या बारीकसारीक खोड्या त्यात खपून जातात. तेव्हा एल वापरणार असाल तर तांबूसच करा. सोनेरीच हवी असेल तर फ्रिजवाली वाट धरा.

तांबूस मेर्त्सनचं धान्य लागर आणि एल दोन्हीकडे सारखंच. २० लिटरला ५ किलोच्या थोडं वर: ३ किलो म्युनिक माल्ट, दीड किलो व्हिएन्ना, बाकी पिल्स्नर. ६६-६७ अंशांच्या पाण्यात तासभर मॅश केलं, म्हणजे भिजत ठेवलं, की सुरुवातीची घनता १.०५५ च्या आसपास येते. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, जर्मनच घ्या, हालरटाऊ किंवा टेटनांग. ४ टक्के अल्फा आम्लाचे ४५ ग्रॅम साठ मिनिटं उकळले की २० आयबीयूच्या (कडवटपणाचं माप) जवळपास कडवटपणा मिळतो, तो पुरे. माल्टदार चव वाढवायची म्हणून कॅरॅमल माल्ट ओतायचा मोह आवरा, त्यानं बिअर नुसती गोड होते. मेर्त्सनचा शेवट कोरडा असतो, घनता १.०१० ते १.०१४ पर्यंत उतरायला हवी. माल्ट घेताना चार दाणे चावून बघा. कुरकुरीत हवेत. पावसाळ्यात दुकानात पडून सादळलेल्या माल्टला कुठलंच यीस्ट वाचवू शकत नाही.

आता लागरची वाट. डब्ल्यू-३४/७० हे कोरडं यीस्ट घ्या, २० लिटरला दोन पाकिटं. एक सिंगल-डोअर फ्रिज आणि वीसेक लिटरच्या फर्मेंटरचं, म्हणजे आंबवायच्या भांड्याचं, तापमान सांभाळणारा कंट्रोलर. १२ अंशांना दोन आठवडे, शेवटी दोन-तीन दिवस १६ ते १८, म्हणजे लोण्यासारखा वास निघून जातो, आणि मग चार ते सहा आठवडे गारठ्यात. मधे कधीतरी उकडलेल्या अंड्याचा वास येईल, घाबरू नका, जातो. या बिअरचा घोट संपतो तो एकदम लख्ख, आणि ही लख्ख कोरड एलमध्ये पूर्णपणे येत नाही. बदल्यात दीड-दोन महिने फ्रिज अडतो, विजेचं बिल वाढतं. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली तर मात्र फार बिघडत नाही, एवढं द्रव हळूहळूच तापतं, फक्त दार उघडून बघत बसू नका.

एलमध्ये माझी पहिली पसंती क्योल्श प्रकारच्या यीस्टला. क्योल्श ही कोलोनची बिअर, एल यीस्टवर आंबवून गारठ्यात मुरवलेली, म्हणजे आपल्याला हवी तीच युक्ती तिथे कायमची चालते. १७ ते १९ अंशांत ठेवा. हे यीस्ट खाली बसायला आळशी आहे, बिअर बरेच दिवस गढूळ दिसते. ते न मिळालं तर यूएस-०५. सगळीकडे मिळतं, स्वच्छ काम करतं, १८ ते २० ला ठेवावं. नॉटिंगहॅम १५-१६ अंशांना लागरच्या अगदी जवळ जातं, पण तेवढं गार ठेवायला पुन्हा कसरत आलीच. एस-०४ सारखी इंग्लिश यीस्टं नकोत, फळांचा वास देतात. गव्हाच्या बिअरचं यीस्ट तर मुळीच नको, केळं आणि लवंग येईल.

नॉर्वेच्या क्वाइक यीस्टची हल्ली बरीच चलती आहे. त्यातलं व्हॉस संत्र्याकडे झुकतं, ते सोडा. ल्युट्रा मात्र ३० अंशांच्या वरही तटस्थ राहतं. एप्रिल-मेमध्ये, गारव्याची काहीच सोय नसताना, तेवढाच पर्याय उरतो. मला त्याची बिअर किंचित आंबटसर आणि पातळ लागते. उन्हाळ्यात काहीच न करण्यापेक्षा बरी, पण मेर्त्सन म्हणून पाहुण्यांपुढे ठेवणार नाही.

एलसाठी पुण्यातला सोयीचा काळ पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये दिवसरात्रीच्या तापमानात फरक कमी असतो, घरात २४-२५ च्या आसपास राहतं. फर्मेंटरच्या आत मात्र आंबण्याच्या उष्णतेनं तीन-चार अंश जास्त धरा. पहिले तीन दिवस महत्त्वाचे, चवीचं बरं-वाईट बहुतेक तेव्हाच होतं. फर्मेंटर पाण्याच्या मोठ्या टबात ठेवायचा, फ्रीझरमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या सकाळी आणि दोन रात्री टबात सोडायच्या. बाहेरून चिकटपट्टीचा थर्मामीटर लावा आणि त्यावर विश्वास ठेवा, हात लावून अंदाज घेऊ नका. ओलं फडकं गुंडाळायची युक्ती मार्चच्या कोरड्या हवेत चालते, पावसाळ्यात हवाच ओली, पाणी उडत नाही आणि गारवाही येत नाही.

एलनंही शेवटी गारठा मागितलाच. दहा-बारा दिवसांनी आंबणं थांबलं, तीन दिवस घनता हलली नाही, की लिटरला ६ ग्रॅम साखर घालून बाटल्या भरा. सोड्याच्या प्लास्टिक बाटल्या चालतात, उलट दाबून बघता येतं की गॅस किती भरलाय. दोन आठवडे खोलीत, मग तीन आठवडे घरच्या फ्रिजमध्ये. लागरपणाचा निम्मा भाग इथेच मिळतो. बिअर निवळायला जिलेटिन घालतात, पण ते प्राणिज असतं. शाकाहारी घरात उकळीच्या शेवटी आयरिश मॉस घाला, ते समुद्री शेवाळ आहे, आणि थोडा धीर धरा.

सप्टेंबरच्या शेवटी प्यायची तर एल ऑगस्टच्या सुरुवातीला लावावी लागते, लागर जुलै उजाडताच. एलची अडचण नंतर येते. तीन आठवड्यांच्या गारठ्याची वेळ आणि गणपती बहुतेक वर्षी एकमेकांवर येतात. त्या दिवसांत घरच्या फ्रिजमध्ये खोबरं, खवा आणि पाहुण्यांच्या मिठाईचे डबे असतात, आणि वीस-बावीस बाटल्यांना जागा मागणं घरात कुणाला रुचणार नाही. त्यासाठी शेजाऱ्यांकडे शब्द आधीच टाकून ठेवावा, नाहीतर यंदाची बिअर दसऱ्यानंतरची धरावी.