स्कॉटलंडची माणसं, त्यांच्याच आवाजात: ‘टोबर अन् दुअलखश’ कसं ऐकावं

स्कॉटलंडमधली साधी माणसं आपलं गाव, काम, घर आणि लहानपण यांबद्दल काय सांगतात, हे त्यांच्याच आवाजात ऐकायचं असेल तर ‘टोबर अन् दुअलखश’ या संकेतस्थळाला तोड नाही. हे नाव गेलिक, म्हणजे स्कॉटलंडच्या जुन्या केल्टिक भाषेतलं. स्कॉट्स या इंग्रजीला जवळच्या तिथल्या भाषेत याचंच नाव ‘किस्ट ओ रिचेस’. ऐकायला एक पैसा लागत नाही. 50,000 हून अधिक ध्वनिमुद्रणं इथे आहेत, 1930 च्या दशकापासूनची. संकेतस्थळ 2010 मध्ये खुलं झालं आणि प्रकल्पाचं काम स्काय बेटावरच्या सॅवल मोर ऑस्टिग या गेलिक महाविद्यालयातून चालतं.

साठा तीन ठिकाणचा आहे. सर्वांत मोठा एडिंबरा विद्यापीठातल्या स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजचा, दुसरा बीबीसी स्कॉटलंडचा, तिसरा कॅना बेटावरचा. हे बेट जॉन लॉर्न कॅम्पबेल यांनी 1938 मध्ये विकत घेतलं आणि 1981 मध्ये नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडला देऊन टाकलं. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट फे शॉ यांनी जमवलेला ठेवा म्हणजे कॅना संग्रह. स्कूल 1951 मध्ये सुरू झालं आणि त्याच वर्षी कॅलम मॅक्लेन पूर्णवेळ संकलक म्हणून फिरू लागले. त्याआधी ते आयरिश फोकलोर कमिशनसाठी मेणाच्या सिलिंडरवर मुद्रण करायचे. सिलिंडर महाग, म्हणून मजकूर कागदावर उतरला की मेणाचा थर तासून तेच पुन्हा वापरायचे. त्यामुळे कितीतरी माणसांचे शब्द उरले, आवाज गेले. टेप आल्यावर आवाजही टिकले, म्हणूनच इथलं बहुतेक धन 1950 नंतरचं आहे.

पहिल्यांदा येणारा माणूस शोधाच्या चौकटीत एखादा शब्द टाकतो आणि फसतो. बहुतेक ट्रॅकचा पूर्ण मजकूर लिहिलेला नाही, फक्त सारांश आहे. शब्दशोध त्या सारांशात होतो, बोलण्यात नाही. सांगणाऱ्याने वीस वेळा ‘चूल’ म्हटलं आणि सूची करणाऱ्याने ‘घरगुती जीवन’ एवढंच लिहिलं, तर चूल शोधून हाती काही लागत नाही. म्हणून शब्दावरून नाही, माणसावरून आणि जागेवरून शोधा. एक चांगला सांगणारा सापडला की त्याच्या नावावर क्लिक करून त्याचे सगळे ट्रॅक उघडायचे. या संग्रहाची खरी किल्ली हीच.

जागेच्या बाबतीत एक खड्डा आहे. नोंदी जुन्या काउंटींप्रमाणे, म्हणजे जिल्ह्यांप्रमाणे आहेत आणि त्या काउंटी कौन्सिल 1975 मध्येच गेल्या. लुइस आणि हॅरिस हे एकच बेट, पण लुइस रॉस-शायरमध्ये आणि हॅरिस इन्व्हर्नेस-शायरमध्ये. स्काय, युइस्ट आणि बारासुद्धा इन्व्हर्नेस-शायरखालीच मिळतील. आजचा नकाशा समोर ठेवून शोधलंत तर अर्धं बेट हातचं जाईल. नावांचंही तसंच. हेब्रिडीजमध्ये, म्हणजे पश्चिम किनाऱ्याजवळच्या या बेटांवर, आडनावं मोजकीच, त्यामुळे मॅक्डोनाल्ड आणि मॅकिनन रग्गड सापडतात. फक्त नाव जुळलं म्हणून खूश होऊ नका, गाव ताडून पाहा.

दुसरी अडचण जास्त त्रासाची. एका टेपवर तासभर चाललेल्या गप्पा सूची करताना तुकड्यांत कापल्या आहेत. एक तुकडा मिनिटभराचा, दुसरा वीस मिनिटांचा. गोष्ट ऐन रंगात येते आणि ट्रॅक संपतो. यावर उपाय आहे. ट्रॅकखाली मूळ टेपचा क्रमांक असतो. स्कूलच्या टेपांवर आधी ‘एसए’ ही अक्षरं, मग साल, मग टेपचा अनुक्रम. तो टिपून घ्या, त्याच टेपचे बाकीचे तुकडे काढा आणि क्रमाने ऐका. मग माणूस सलग बोलताना ऐकू येतो. पीट म्हणजे जळणाची दलदलीतली माती कापण्यावरून गाडी शाळेतल्या छडीवर कशी गेली, हेही कळतं. माझ्या मते सुटे ट्रॅक ऐकण्यात या संग्रहाची निम्मी गोडी वाया जाते.

ऐकायला काय घ्यावं? पूर्व पेरथशायरमध्ये ब्लेअरगौरी नावाचं गाव आहे. तिथे उन्हाळ्यात रास्पबेरी तोडायला फिरस्ती कुटुंबं यायची, ज्यांना तिकडे ट्रॅव्हलर म्हणतात. 1950 च्या दशकात स्कूलचे संकलक हॅमिश हेंडरसन टेपरेकॉर्डर घेऊन त्या मळ्यांतल्या तळांवर बसले. स्ट्युअर्ट कुटुंब, बेट्सी व्हाइट, लॉख फाइनच्या काठावर तंबूत जन्मलेले डंकन विल्यमसन, अबर्डीनच्या जीनी रॉबर्टसन: ही नावं शोधात टाका. यांच्या परीकथा आणि बॅलड म्हणजे कथागीतं प्रसिद्ध आहेत, पण मी आधी त्यांचं जगण्याबद्दलचं बोलणं ऐकायला सांगेन. तंबूसाठी हेझलच्या काठ्या कशा वाकवायच्या, कथील कसं ठोकायचं, नदीत मोती कसे शोधायचे. मोती काढणारा कमरेइतक्या पाण्यात उभा राहतो. काचेच्या बुडाचं भांडं पाण्यावर धरून तळ न्याहाळतो आणि टोकाला चीर दिलेल्या काठीने शिंपला उचलतो. स्कॉटलंडमध्ये 1998 पासून त्यावर पूर्ण बंदी आहे, म्हणजे हे हातचं कसब आता फक्त बोलण्यातच उरलं आहे.

हेरिंग मासळी साफ करणाऱ्या बायकांच्या आठवणीही सोडू नका. तिघींची एक टोळी: दोघी मासे चिरणार, तिसरी पिंपात मीठ घालून थर लावणार. उन्हाळ्यात शेटलंडचं लर्विक, मग पीटरहेड-फ्रेझरबर्ग, शरदात थेट इंग्लंडमधलं यारमथ, असा मासळीच्या मागून प्रवास. सुरीच्या धारेपासून आणि मिठापासून बोटं वाचवायला प्रत्येक बोटाला कापडाच्या पट्ट्या बांधलेल्या, तरी मीठ जखमेत जायचंच. ईशान्येकडच्या शेतांवर सहा-सहा महिन्यांच्या कराराने राबणारे गडी, त्यांची बॉथी म्हणजे राहायची खोली, त्यांची गाणी हा आणखी एक मोठा साठा आहे. सेंट किल्डा बेटावरचे शेवटचे 36 रहिवासी 29 ऑगस्ट 1930 ला बेट सोडून गेले. तिथल्या आयुष्याबद्दलचं बोलणंही इथे मिळतं.

मराठी श्रोत्यांनी एक प्रकार मुद्दाम ऐकावा: कापड ठोकतानाची गाणी. विणलेलं लोकरी कापड शिळ्या मूत्रात भिजवून बायका लांब फळीभोवती बसायच्या आणि ते एका लयीत आपटत सूर्याच्या दिशेने फिरवत न्यायच्या. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी अर्थ नसलेल्या अक्षरांचं धृपद धरायचं. एका बैठकीत तेच गाणं पुन्हा म्हणणं अशुभ. कापड किती घट्ट झालं हे गाण्यांवरून मोजायचं. जात्यावरच्या ओव्या जशा दळणाच्या लयीवर चालतात तशीच ही चालतात, आणि बाईच्या मनातलं बोलायची जागाही तीच. वॅटरसे बेटावरच्या नॅन मॅकिनन यांच्याकडून शेकडो गाणी घेतलेली आहेत, तिथून सुरुवात करा. मात्र लक्षात असू द्या, 1950 नंतरची बरीचशी मुद्रणं प्रत्यक्ष कामातली नाहीत, दाखवण्यासाठी म्हटलेली आहेत. घरात ठोकायची प्रथा तोवर जवळजवळ संपली होती.

ओव्यांचा विषय निघालाच आहे तर एक फरक सांगतो. ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संकेतस्थळावर जात्यावरच्या ओव्या ऐकताना शब्द आणि अनुवाद समोर असतात. इथे तशी सोय फारच थोड्या ट्रॅकना आहे आणि ही मला सर्वांत मोठी उणीव वाटते. गेलिक न कळणाऱ्याला सारांशावरच भागवावं लागतं.

भाषेची तयारी म्हणून सुरुवातीला भाषेच्या गाळणीत ‘इंग्रजी’ निवडा, कान बसला की ‘स्कॉट्स’. अबर्डीनकडच्या बोलीत प्रश्नार्थक शब्दांची सुरुवात ‘फ’ने होते: ‘फिट’ म्हणजे काय, ‘फार’ म्हणजे कुठे, ‘फॅन’ म्हणजे कधी. एवढं डोक्यात ठेवलं तरी निम्मं धुकं सरतं. बाकी शब्दांसाठी ‘डिक्शनरीज ऑफ द स्कॉट्स लँग्वेज’ हा मोफत ऑनलाइन कोश दुसऱ्या खिडकीत उघडा ठेवा. 2011 च्या जनगणनेत 15 लाख लोकांनी आपण स्कॉट्स बोलतो असं सांगितलं, तेव्हा ही मेहनत जुन्या टेपांपुरती नाही. हेडफोन घ्याच. टेपची खरखर, घड्याळाची टिकटिक, चुलीवरची किटली हे सगळं त्यात आहे, आणि मोबाइलच्या स्पीकरवर सांगणाऱ्याचा आवाज त्यात बुडतो. मुद्रणं डाउनलोड करता येत नाहीत, म्हणून इंटरनेट बरं लागतं. मुद्रणांचे हक्क राखीव आहेत. वर्गात ऐकवणं वेगळं, पण पॉडकास्टमध्ये तुकडा वापरायचा असेल तर आधी परवानगी मागा.

आजचं शहरी स्कॉटलंड, ग्लासगोच्या चाळवजा टेनेमेंट इमारती, नव्याने आलेल्या कुटुंबांचं बोलणं हवं असेल तर इथे फार थोडं मिळेल. त्यासाठी एडिंबऱ्याच्या हाय स्ट्रीटवर, जॉन नॉक्स हाउसला लागून असलेलं स्कॉटिश स्टोरीटेलिंग सेंटर आहे. तिथलं नेदरबो नाट्यगृह जेमतेम शंभर माणसांचं, त्यामुळे सांगणारा हाताच्या अंतरावर असतो. आंतरराष्ट्रीय कथाकथन महोत्सव दर ऑक्टोबरमध्ये भरतो. एडिंबऱ्यात शिकायला किंवा नोकरीला असलेल्या मराठी मंडळींनी तिकीट आधीच काढावं, कारण छोट्या सभागृहातले कार्यक्रम लवकर भरतात. जाण्याआधी ज्या भागातला कथाकार आहे त्या भागाचे दोन-तीन ट्रॅक ‘टोबर’वर ऐकून गेलात तर त्याची बोली पहिल्या वाक्यापासून पकडता येईल.