नानजिंगच्या डोंगरावर मोफत प्रवेशासाठी मोजलेले ५४० युआन

नानजिंग शहराच्या पूर्वेला झिजिनशान, म्हणजे जांभळा पर्वत, हा गर्द झाडीचा डोंगर आहे. उंची जेमतेम ४४८ मीटर. पण मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाची समाधी आणि चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक डॉ. सन यत-सेन यांचे स्मारक याच डोंगराच्या दक्षिण उतारावर आहेत. डॉ. सन यांचे पार्थिव १९२९ मध्ये बीजिंगहून आणून जिथे ठेवले, ती जागा पाहण्याची वडिलांची फार जुनी इच्छा होती, म्हणून गेल्या नोव्हेंबरमध्ये मी, पत्नी आणि ते असे तिघे शांघायहून गेलो. तिथे आमची जी फसवणूक झाली, ती आणखी कोणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

श्यामाफांग मेट्रो स्थानकातून बाहेर पडताच गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक बाई पुढे आली आणि चांगल्या इंग्रजीत म्हणाली, की स्मारकाची आजची नोंदणी संपली असून परदेशी पासपोर्टधारकांना आता फक्त ‘आतल्या कोट्यातून’ प्रवेश मिळेल. माणशी १८० युआन, वरपर्यंतची गाडी त्यातच. वडिलांचे गुडघे दुखत होते आणि मला घाई झाली होती. तिने दाखवलेला क्यूआर कोड मी स्कॅन केला, तेव्हा पडद्यावर कोणत्याही कार्यालयाचे नव्हे, तर तारकाचिन्हांनी (*) झाकलेले, शेवटचे एकच अक्षर दिसणारे एका व्यक्तीचे नाव आले. तेवढ्यावरूनच मी थांबायला हवे होते. पण मी ५४० युआन भरून मोकळा झालो.

त्यानंतर एका खासगी मोटारीने आम्हाला डोंगराऐवजी चहाच्या दुकानात नेले. ते ‘सरकारी केंद्र’ असल्याचे सांगून युहुआ चहाचे चार प्रकार पाजण्यात आले, आणि काही घेतल्याशिवाय चालकही जागचा हलेना, तेव्हा आम्ही ३०० युआनचा एक डबा घेतला. या सगळ्यात अडीच तास गेले. प्रवेशद्वाराशी सोडताना त्याने हाती दिलेल्या रंगीत कागदांच्या कडा आधीच फाडलेल्या होत्या. पहारेकऱ्याने ते उलटसुलट पाहून परत केले: डोंगरावर फिरणाऱ्या बॅटरीच्या गाडीची ती वापरलेली तिकिटे होती. मग त्याने शेजारच्या फलकावरचा कोड दाखवला. पासपोर्ट क्रमांक भरल्यावर पाच मिनिटांत आम्हा तिघांची त्याच दिवसाची नोंदणी झाली, एक पैसाही न देता. त्या बाईने मला वीचॅट या चिनी अ‍ॅपवर तोवर ब्लॉक केले होते.

स्मारकाला प्रवेशशुल्क नाही. फक्त आधी नोंदणी करावी लागते आणि सोमवारी ते बंद असते. मिंग समाधी आणि लिंगू मंदिराच्या परिसराला मात्र तिकीट आहे, ते खिडकीवर मिळते. बॅटरीच्या गाडीचे तिकीटही तिथेच वेगळे घ्यायचे असते. स्थानकाबाहेर कोणी ‘कोटा’ सांगू लागले, तर न थांबता पुढे चालावे. पैसे गेलेच, तर पावतीचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा आणि १२३४५ या सरकारी क्रमांकावर किंवा ११० वर पोलिसांकडे तक्रार करावी. मी तक्रार केली आहे. पैसे अजून आलेले नाहीत.

स्मारकाच्या ३९२ पायऱ्या वडील मोजत, थांबत थांबत चढले. ‘हे जग सर्वांचे आहे’ या अर्थाची चार अक्षरे कोरलेल्या दरवाजाखालून जाताना मी त्यांना त्यांचा अर्थ सांगितला. वर पोहोचलो तेव्हा समाधीच्या दालनाची दारे लावून घेत होते.