मार्टिन्सव्हिल स्पीडवे: जागा वरची घ्या, डबा घरचा न्या

व्हर्जिनियातल्या रिजवे गावाजवळचा हा ट्रॅक ०.५२६ मैलांचा, म्हणजे जेमतेम ८४६ मीटरचा. नॅस्कार ही अमेरिकेत स्टॉक कारच्या, म्हणजे साध्या मोटारीसारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या शर्यती भरवणारी संस्था. तिच्या कप या सर्वोच्च मालिकेत गुणांच्या शर्यतींसाठी याहून लहान ट्रॅक नाही. क्ले अर्ल्सने तो १९४७ साली मातीचा म्हणून बांधला, १९५५ मध्ये त्यावर डांबर पडलं. १९४९ च्या पहिल्या हंगामापासून आजपर्यंत कपच्या वेळापत्रकात टिकलेला हा एकमेव ट्रॅक. शार्लट किंवा रॅली-केरी भागातल्या मराठी मंडळींना गाडीने दोन-सव्वादोन तास लागतात, ग्रीन्सबरोहून तासाभरात पोचता येतं.

पहिली शर्यत पाहायला बहुतेक जण डेटोनासारखा मोठा ट्रॅक निवडतात. नाव मोठं असतं, पण अडीच मैलांच्या फेरीत गाड्या पलीकडच्या बाजूला गेल्या की मोठ्या पडद्याकडेच पाहत बसावं लागतं. स्टॉक कार शर्यतीत नेमकं काय चाललंय हे समजून घ्यायचं असेल तर सुरुवात मार्टिन्सव्हिलपासून करावी. इथे पूर्ण ट्रॅक डोळ्यांसमोर असतो आणि गाडी वीस सेकंदांत परत येते.

आकार पेपरक्लिपसारखा: साधारण ८०० फुटांचे दोन सपाट, सरळ पट्टे आणि त्यांना जोडणारी दोन आवळलेली वळणं, त्यांचा आतल्या बाजूला उतार फक्त १२ अंशांचा. सरळ पट्टे डांबराचे, वळणं काँक्रीटची. वजनदार गाड्या वळणात टायरांनी डांबर अक्षरशः उखडायच्या, म्हणून १९७६ मध्ये तिथे काँक्रीट घातलं. तेही अमर नव्हतं. २००४ च्या वसंतातल्या शर्यतीत काँक्रीटचा तुकडा उडून जेफ गॉर्डनच्या गाडीवर आदळला आणि त्यानंतर ट्रॅक नव्याने करावा लागला.

इथली शर्यत इंजिनाची कमी, ब्रेकची जास्त. प्रत्येक फेरीत दोनदा जोरदार ब्रेक, म्हणजे ४०० फेऱ्यांत ८०० वेळा. संध्याकाळी चाकांच्या आत डिस्क लालभडक झालेल्या दिसतात. जुन्या १५ इंची चाकांच्या काळात ती उष्णता रिमपर्यंत जायची, टायरची कड वितळायची आणि हवा जायची. म्हणून ब्रेकला वारा पोचवणाऱ्या नळ्या आणि ब्रेक राखून चालवणारा ड्रायव्हर, या दोन गोष्टींवर निकाल लागायचा.

वळणात पाहायचं ते असं. लवकर ब्रेक लावून, गाडी आतल्या कडेला चिकटवून, लवकर गॅसवर येणारा ड्रायव्हर बरोबर चालवतोय. वेग जास्त घेऊन घुसणारा वळणाच्या मध्यावर वर सरकतो, आतली वाट मोकळी होते आणि मागचा तिथे नाक घालतो. एकदा बाहेरच्या रांगेत अडकलं की आत परत शिरायला कुणी जागा देत नाही. दोन-तीन फेऱ्यांत पाच-सहा गाड्या आतून निघून जातात. म्हणूनच इथे पुढच्याच्या मागच्या बंपरला हलकेच टेकून त्याला हातभर वर सरकवणं हा ओव्हरटेकचा सर्वमान्य मार्ग. टेकणं आणि फिरवून टाकणं यातली सीमारेषा कुठे, यावर प्रेक्षकांचं कधीच एकमत होत नाही.

पिटकडेही, म्हणजे टायर बदलायला आणि इंधन भरायला थांबतात त्या जागेकडेही, लक्ष ठेवा. पिटमधली वेगमर्यादा ताशी ३० मैल, म्हणजे ४८ किलोमीटर. फेरी वीस सेकंदांची असल्यामुळे हिरव्या झेंड्याखाली, म्हणजे शर्यत पूर्ण वेगात चालू असताना, पिटला जाणारा सहज दोन फेऱ्या मागे पडतो, त्यामुळे सगळे पिवळ्या झेंड्याची, म्हणजे अपघातानंतर गाड्या हळू करण्याच्या खुणेची, वाट पाहत जुन्या टायरांवर रेटत राहतात. पात्रता फेरीत पहिला क्रमांक मिळवणारा संघ पिटमधली जागा आधी निवडतो आणि बहुतेकदा बाहेर पडण्याच्या तोंडाशी असलेली घेतो. या ट्रॅकवर तिची किंमत दोन-तीन गाड्यांची.

आता तक्रार. २०२२ पासून कप मालिकेत आलेल्या नव्या गाडीने मार्टिन्सव्हिलची निम्मी मजा घालवली, हे ट्रॅकच्या प्रेमापोटीही लपवता येत नाही. चाकं १५ वरून १८ इंचांची झाली, त्यामुळे आत मोठे ब्रेक मावले. पुढे सहा पिस्टनचे कॅलिपर (डिस्क आवळणारी ब्रेकची पकड), मागे चार. ब्रेक थकेनात, ब्रेक लावायचं अंतर आखडलं, आणि उशिरा ब्रेक लावून पुढे जाण्याची संधीही तेवढीच आखडली. जोडीला पाच गिअरचा सिक्वेन्शियल ट्रान्सअॅक्सल, म्हणजे ओळीने एकेक गिअर बदलणारा, मागे बसवलेला गिअरबॉक्स. पूर्वी अख्खी फेरी एकाच गिअरमध्ये चालायची, त्यामुळे वळणात चूक झाली की पुढच्या सरळ पट्ट्यावर तिची वसुली व्हायची. आता गिअर खाली टाकून ती झाकता येते. टायर रुंद झाले, मागचं सस्पेन्शन स्वतंत्र झालं. एकंदरीत सगळ्या गाड्या जवळपास सारख्या वेगाने पळतात आणि पुढचा निघून जातो. २०२६ पासून दीड मैलाहून लहान ट्रॅकवर इंजिनाची ताकद ६७० वरून ७५० हॉर्सपॉवर केली आहे. दिशा बरोबर आहे, कारण ताकद वाढली की मागचे टायर लवकर झिजतात. पण ब्रेक आणि गिअर तेच ठेवून पूर्ण इलाज होईल असं वाटत नाही.

या गाडीच्या काळातला इथला सर्वांत गाजलेला क्षणसुद्धा ओव्हरटेकचा नव्हता. ३० ऑक्टोबर २०२२ ला शेवटच्या फेरीत रॉस चॅस्टेनने पाचवा गिअर टाकला, गाडी बाहेरच्या भिंतीला टेकवली आणि गॅस न सोडता वळण घेतलं. फेरी १८.८४५ सेकंदांची, पाच गाड्या मागे, आणि डेनी हॅमलिनची हंगामाचं विजेतेपद लढणाऱ्या अंतिम चौघांतली जागा गेली. नॅस्कारने नंतर हा प्रकार बंद केला. २०२४ मध्ये क्रिस्टोफर बेलची गाडी शेवटच्या वळणात भिंतीला घासत गेली, तेव्हा त्याला अंतिम चौघांतून वगळलं. निर्णय योग्यच, नाहीतर दर शर्यतीत कुणीतरी भिंत धरली असती.

तिकीट घेताना कंजुषी चुकीच्या जागी होते. खालच्या रांगा स्वस्त आणि गाडीच्या जवळ, पण तिथून समोरची जाळी आणि आतल्या बाजूचं पिटचं सामान यांच्यापलीकडचा पट्टा दिसतच नाही. शिवाय वळणाजवळ झिजलेल्या रबराचे काळे कण उडून केसांत, डोळ्यांत आणि खाण्यात पडतात. वरच्या एक-तृतीयांश रांगांत, वळणात शिरण्याच्या टोकाजवळ जागा घ्या. निकाल ब्रेक लावण्याच्या जागी ठरतो आणि तो तिथून सरळ दिसतो.

आवाज हलका घेऊ नका. फोमचे बोळे कानात नीट आत बसवून वर हेडफोन लावायचे. लहान मुलांना फक्त बोळे पुरत नाहीत, कान झाकणारा मफ हवाच. ट्रॅकवर स्कॅनर भाड्याने मिळतो. नॅस्कारच्या अॅपवरही ड्रायव्हर आणि पिट यांचं बोलणं ऐकू येतं, मात्र गर्दीत नेटवर्कचा भरवसा धरू नये. ऐकताना दोन शब्द सतत येतील. ‘टाइट’ म्हणजे स्टीअरिंग वळवूनही नाक वळत नाही, गाडी सरळ भिंतीकडे जाते. ‘लूज’ म्हणजे मागचं टोक सुटतं. पिटमध्ये एक जण मागच्या काचेतून लांब पाना घालून फिरवताना दिसला की तो वेज बदलतोय: पुढचं उजवं आणि मागचं डावं या कर्णावरचा भार वाढवला की गाडी टाइट होते, कमी केला की लूज. एवढं कळलं की पुढच्या तीस-चाळीस फेऱ्या वेगळ्याच दिसतात.

खाण्यात इथलं नाव म्हणजे लाल सॉसेजचा हॉट डॉग, वर चिली, कोबीची कोशिंबीर, कांदा आणि मोहरी. कित्येक वर्षं तो दोन डॉलरला मिळत आला, आणि मोठ्या ट्रॅकवरच्या भावांपुढे हे दानधर्मच. शाकाहारी मंडळींना मात्र फ्राइज आणि प्रेट्झेलपलीकडे आशा नको. १४ इंची चौकोनी मऊ कूलर बॅग आत नेता येते, तेव्हा दशम्या, चटणी आणि पाणी घरूनच न्यावं. काचेची बरणी चालत नाही. लोणचं प्लॅस्टिकच्या डबीत भरा. वसंतातल्या शर्यतीला दुपारी ऊन आणि संध्याकाळी बोचरी थंडी असते, जाडसा स्वेटर सोबत असू द्या.

विजेत्याला १९६४ पासून चषकाऐवजी उंच लंबकाचं घड्याळ देतात. जुना दिग्गज ड्रायव्हर रिचर्ड पेटी इथे १५ वेळा जिंकला. त्यातले सुरुवातीचे विजय घड्याळाच्या आधीचे.

बंपरला बंपर लावलेली जुनी शर्यत हवी असेल तर तासाभरावरच्या विन्स्टन-सेलममधलं बोमन ग्रे स्टेडियम गाठा. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानाभोवती पाव मैलाचा सपाट पट्टा, १९४९ पासून नॅस्कारच्या साप्ताहिक शर्यती, हंगाम एप्रिलच्या शेवटापासून ऑगस्टपर्यंत दर शनिवारी. पेटीने कारकिर्दीतला शंभरावा विजय १९६९ मध्ये इथेच मिळवला. पाहायला यायचं ते मॉडिफाइडसाठी: चाकं उघडी, टायर रुंद, गाडी बुटकी. कधी दोन छोट्या शर्यती, कधी १०० फेऱ्यांची एक. उतार नसल्यामुळे आतली रांग सोडणं म्हणजे जागा घालवणं, म्हणून धक्का मारल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. पुढच्या आठवड्यात त्या धक्क्याची परतफेड होते आणि प्रेक्षकांना सगळे हिशेब तोंडपाठ असतात. स्ट्रीट स्टॉकसारख्या खालच्या गटांत वाकडे पत्रे आणि गळणारी रेडिएटरं जास्त, वेग कमी. ती अर्धी संध्याकाळ थोडी रेंगाळते. तिकीट कपच्या मानाने अगदी किरकोळ. काँक्रीटच्या पायऱ्यांवर बसायचं असल्याने उशी न्या, आणि मॉडिफाइडची शर्यत कार्यक्रमात कितव्या क्रमांकावर आहे ते आधी पाहून ठेवा.

मार्टिन्सव्हिलला पार्किंग फुकट आहे, बाहेर पडणं मात्र जिकिरीचं. तोंड रस्त्याकडे करून गाडी लावा, २२० क्रमांकाचा महामार्ग पकडण्याआधी तासभर जाईल असं धरा, आणि मुक्काम करायचा तर ग्रीन्सबरो किंवा रोअनोकला करा. शर्यतीच्या आठवड्यात जवळच्या हॉटेलांचे भाव पटण्यासारखे नसतात. मुलांसोबत पहिल्यांदाच जाणार असाल तर रविवारच्या कपऐवजी शनिवारची खालच्या मालिकेची शर्यत बरी: फेऱ्या कमी, तिकीट स्वस्त, आणि त्या गाडीला अजून चार गिअर आणि जुन्या धाटणीचा मागचा अॅक्सल आहे, त्यामुळे ओव्हरटेकही जास्त.