ह्यू थॉमसनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ची चित्रं: आठ महिने छापून पाहिल्यावर

जेन ऑस्टेनच्या या कादंबरीची, लंडनच्या जॉर्ज ॲलन या प्रकाशकाने 1894 साली काढलेली ही थॉमसनच्या चित्रांची आवृत्ती, मुखपृष्ठावर सोनेरी मोर असलेली, इंटरनेट आर्काइव्हवर फुकट मिळते. त्यातली चित्रं आठ महिने ए-5 पुस्तिका आणि पोस्टकार्डांसाठी वापरली. चित्रं अव्वल आहेत. फाइल चुकीची उचलली तर त्यांचा चिखल होतो.

पहिली गोष्ट, लोक यांना सरसकट ‘एन्ग्रेव्हिंग’ (हाताने कोरलेल्या ठशावरून छापलेली चित्रं) म्हणतात, ते चूक. थॉमसन कागदावर टाकाने काढायचा. त्याचा फोटो जस्ताच्या पत्र्यावर उतरवून आम्लाने बाकीचा भाग खाऊन टाकला जाई. आपल्या जुन्या छापखान्यांत ज्याला लाइन ब्लॉक म्हणत, तोच हा प्रकार. खरं कोरीवकाम हवं तर बेंटली या प्रकाशकाची 1833 ची आवृत्ती पाहावी, तिचं मुखचित्र पोलादी पत्र्यावर कोरलेलं आहे. गंमत म्हणजे त्यात 1813 च्या कादंबरीतली माणसं 1830 च्या फॅशनचे फुगीर बाह्यांचे कपडे घालून उभी आहेत. थॉमसनने ऐंशी वर्षं मागे जाऊन छातीखाली कमर बांधलेले झगे काढले.

लाइन ब्लॉकमध्ये करडा रंग नसतो. काळं किंवा कोरं. म्हणून छपाईची फाइलही 1-बिट, म्हणजे फक्त काळ्या-पांढऱ्याची, हवी. पीडीएफ घेऊ नका. तिचा फाइल-आकार लहान करताना बारीक रेघा एकमेकींत मिसळलेल्या असतात. सगळ्या फाइल्सच्या यादीतून जेपी-2 ची (पानापानाच्या मोठ्या प्रतिमांची) झिप उतरवा, चित्रं सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये पान ग्रेस्केल (फक्त करड्या छटांचं) करा, पिवळेपणा ‘लेव्हल्स’ने, म्हणजे उजेड-अंधाराच्या छटा सरकवून, घालवा. मग आधी 1200 डीपीआयपर्यंत (इंचाला 1200 ठिपके) वाढवा आणि त्यानंतरच थ्रेशोल्ड लावा, म्हणजे ठरलेल्या आकड्याहून गडद ते काळं आणि फिकट ते पांढरं होतं. क्रम उलटा झाला की रेघांना पायऱ्या पडतात. 0 (काळं) ते 255 (पांढरं) या मापावर 150 ते 170 वर बहुतेक पानं जमतात. मागच्या पानाची छाया उमटत असेल तर आकडा खाली आणा. कागदावरचे तपकिरी ठिपके हातानेच पुसावे लागतात, ठिपके आपोआप पुसणारं ‘डीस्पेकल’ त्यांच्याबरोबर डोळ्यांची बुबुळंही खातं.

ग्रेस्केल फाइल तशीच प्रेसला दिली तर हाफटोनचे (करडा रंग भासवणारे बारीक) ठिपके पडतात आणि रेघ केसाळ दिसते. विकत घेतलेल्या एका स्वस्त पुनर्मुद्रणात नेमकं हेच झालं होतं, शिवाय चित्रांखालचे मथळे कापलेले. चित्र 70 टक्क्यांहून लहान केलं की कोटाच्या सावलीतल्या आडव्या-तिरप्या रेघा बुजतात. त्यापेक्षा चित्राचा तुकडा घ्यावा. कागद नॅचरल शेड मॅपलिथो (चकाकी नसलेला, किंचित पिवळसर साधा कागद), 100 जीएसएम (चौरस मीटरला 100 ग्रॅम). आर्टपेपरची चकाकी या रेघेला शोभत नाही. लेझर प्रिंट उत्तम येते, इंकजेटची शाई मॅपलिथोवर पसरते.

प्रकरणांच्या वरच्या पट्ट्या सगळ्यांत कामाच्या. आद्याक्षरं मात्र मराठी मजकुराला निरुपयोगी: रोमन अक्षर चित्रातच गुंफलेलं, त्याला कानामात्रा कुठे देणार?

हक्कांची अडचण नाही. थॉमसन 1920 मध्ये वारला आणि भारतात कॉपीराइटची मुदत मृत्यूनंतर 60 वर्षांची आहे. शोधताना मॅकमिलनची 1895 ची आवृत्ती हाती लागली तर ती थॉमसनची नव्हे, सी. ई. ब्रॉक या दुसऱ्या चित्रकाराची. दोघांची रेघ जवळची आहे. एकाच पुस्तिकेत मिसळण्याआधी नाव तपासा.