होंडा ईयू२२००आय आणि आमचा ३० अँपचा ट्रेलर: मशीन झकास, पण जोडताना ग्राउंडचं (अर्थिंगचं) लफडं आधी समजून घ्या

अमेरिकेत आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी किंवा ट्रेलर, घेतलेल्या आपल्या मंडळींत हल्ली कुठला जनरेटर घेतला हा विषय निघतोच, म्हणून आमच्या होंडाबद्दल लिहितेय. वजन साधारण २१ किलो, पिकअपमधून मी एकटी उचलून खाली ठेवते. इको मोडवर (लोडप्रमाणे इंजिन कमी-जास्त पळतं तो) नुसते लाईट आणि बॅटरी चार्जिंग असेल तर शेजारी बसून गप्पा मारता येतात, आणि आत मिक्सरवर चटणी लावली की बाहेर इंजिन एकदम गुरगुरतं, झाली चटणी की परत गप्प. नॅशनल पार्कात जनरेटरला ५० फुटांवर ६० डेसिबलची मर्यादा आहे, त्यात हा आरामात बसतो.

आता नावातल्या २२०० वर जाऊ नका, ते थोडा वेळच, सलग मिळतात १८०० वॅट, म्हणजे १२० व्होल्टला १५ अँप. ट्रेलर मागतो ३० अँप, तेव्हा निम्म्यातच भागवायचं. फ्रीज आणि गीझर गॅसवर टाका, मायक्रोवेव्ह चालू असताना दुसरं काही लावू नका.

खरा घोळ जोडताना. जनरेटरला घरच्यासारखे सॉकेट आणि ट्रेलरची पिन जाडजूड टीटी-३० (३० अँपची), त्यासाठी डॉगबोन नावाचा छोट्या वायरचा अडॅप्टर मिळतो, तो सोपा भाग. पण तुमच्याकडे ईएमएसवाला (वायरिंग चुकीचं दिसलं की वीज तोडणारा) सर्ज प्रोटेक्टर असेल तर तो ओपन ग्राउंडचा, म्हणजे अर्थिंग नसल्याचा, एरर दाखवतो आणि आत करंटच सोडत नाही. दुकानातला माणूस बिनधास्त म्हणाला, ईएमएस बायपास करा! अरे मग घेतला कशाला? जनरेटर बिघडलेला नसतो हो, ह्याचा न्यूट्रल फ्लोटिंग असतो, म्हणजे ग्राउंडला जोडलेला नसतो, आणि ट्रेलरच्या पॅनलमध्येही ते दोन्ही मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात कारण कॅम्पग्राउंडवर ती जोडणी तिथल्या वायरिंगमध्येच असते. इथे ती कुठेच नाही म्हणून ईएमएस अडून बसतो. न्यूट्रल-ग्राउंड बाँडिंग प्लग म्हणून छोटीशी वस्तू तयार मिळते, ती जनरेटरच्याच दुसऱ्या सॉकेटमध्ये खोचली की काम झालं. त्यावर मार्करने ‘फक्त जनरेटर’ लिहून ठेवा, कॅम्पग्राउंडच्या किंवा घरच्या सॉकेटला तो चुकूनही लावायचा नाही.

एसीचं म्हणाल तर १३,५०० बीटीयूचा (हे थंड करायच्या ताकदीचं माप) आमचा एसी सॉफ्ट स्टार्ट, म्हणजे सुरुवातीचा झटका कमी करणारं यंत्र, बसवल्याशिवाय ह्याच्यावर उठत नाही, कॉम्प्रेसर सुरू होताना जो झटका घेतो त्यात ओव्हरलोडचा लाल दिवा लागतो. सॉफ्ट स्टार्टनंतर सखल भागात छान चालतो, पण कोलोरॅडोत वर गेलात की दर हजार फुटांना साधारण साडेतीन टक्के ताकद कमी होते, ८००० फुटांवर पाव भागाहून जास्त गेली. तिथे एसी विसरा, तशी तिथे गरजही कमीच म्हणा.

जनरेटर ट्रेलरपासून निदान २० फूट लांब आणि धूर उलट्या दिशेला, खिडक्यांकडे नको. कार्बन मोनॉक्साइड वाढला की नवीन मॉडेल आपोआप बंद होतं, तरी आतला डिटेक्टर चालू हवाच.

किंमत हजार डॉलरच्या वर, टोचते. डोंगरात, थंडीत, चार्जिंगपुरता हवा असेल तर डोळे झाकून घ्या. टेक्सासच्या उन्हाळ्यात दिवसभर एसी हवा असेल तर एकावर भागणार नाही, दोन घेऊन पॅरलल करा (एकमेकांना जोडून दोघांची ताकद एकत्र वापरा) नाहीतर सरळ मोठा बघा.