पीईआय की पॅमॅम: लिपिडच्या पटलावर कोण सोडावं?

लिपिडच्या, म्हणजे पेशीच्या आवरणासारख्या मेदरेणूंच्या, पटलावर धनभारित, फांद्याफांद्यांचा पॉलिमर सोडून काय होतं ते बघायचं असेल, तर गाडी बहुधा दोन नावांवर येऊन अडते: शाखित पीईआय (पॉलिएथिलीनइमिन) आणि पाचव्या पिढीचा पॅमॅम (पॉलिअमिडोअमाइन) डेंड्रिमर, म्हणजे गाभ्यापासून थराथराने वाढवलेला झाडासारखा रेणू; एकेक थर म्हणजे एकेक पिढी. मी दोन्ही वापरलेत.

पटल दोघंही बिघडवतात. मिशिगन विद्यापीठातल्या गटाने एएफएमखाली (बारीक सुईने पृष्ठभाग चाचपणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली) दोन्ही तपासले होते. पॅमॅमची सातवी पिढी डीएमपीसी या लिपिडच्या दुहेरी थरात 15 ते 40 नॅनोमीटरची नवी भोकं पाडते, पाचवी मुख्यतः आधीच्याच भोकांच्या कडा कुरतडते.

किमतीत पीईआयशी स्पर्धाच नाही. पेशीत जनुकं पोचवण्यात 1995 पासून त्याचं नाव आहे. तेवढंच काम असेल तर खुशाल तेच घ्या. मधासारखं घट्ट असतं, तेव्हा पिपेटच्या नादी न लागता वजन करून घ्यावं. पॅमॅमची कटकट वेगळी. तो मेथॅनॉलमध्ये विरघळवलेला येतो, आणि मेथॅनॉल पुरतं उडवल्याशिवाय पटलाजवळ नेता येत नाही.

माझं मन मात्र एका आकड्याने वळवलं. पीईआयच्या बाटलीवरचे 25,000 म्हणजे रेणुभाराची वजनी सरासरी, जड साखळ्यांना जास्त मोल देणारी. प्रत्येक साखळी सारखीच मोजणारी संख्या-सरासरी 10,000 च्या आसपास. आता कॅल्सीन गळतीच्या (लिपिडच्या पुटिकांत भरलेला हा चमकणारा रंग किती बाहेर पडला याच्या) आलेखात क्ष-अक्षावर लिपिडमागे पॉलिमरचे रेणू मांडायचे, तर भागायचं कशाने? अख्खा आलेख अडीच पट सरकतो. शिवाय गळती लांब साखळ्यांनी केली की बारक्यांनी, हा प्रश्न उरतोच, आणि गटाच्या बैठकीत कुणीतरी तो विचारतंच.

पाचव्या पिढीच्या पॅमॅमचं सैद्धांतिक वजन 28,826, टोकांना 128 अमाइन (धनभार धरणारे नायट्रोजनचे गट). विकतच्या मालात मागच्या पिढ्यांची आणि जोडरेणूंची भेसळ असते, नाही असं नाही, पण वजनांचा पसारा कितीतरी कमी. वर अॅसिटिक अनहायड्राइडने टोकं झाकली की सांगाडा तोच राहतो, भार तेवढा जातो आणि कडा कुरतडणं थांबतं. पीईआयमध्ये अमाइन साखळीतच गुंफलेले, तिथे नुसती टोकं झाकणं जमत नाही.

कॅल्सीन स्वतः ऋणभारित असल्याने दोघांनाही चिकटतं, म्हणून मोकळ्या कॅल्सीनचं कंट्रोल (पटलाविना तुलनेची चाचणी) लावाच. हात बसेपर्यंत पीईआय वापरायला माझी हरकत नाही. छापण्याजोगे आकडे हवे असतील तेव्हा पॅमॅमची लहान बाटली मागवा.