ॲरन की मेझ: आधी कोणाची कारकीर्द वाचायला घ्यावी?

बेसबॉलची गोडी लागली की नियम हळूहळू कळतात. अडतं ते पुढेच. इतके खेळाडू, इतके आकडे. सुरुवात कोणापासून करायची? मी तरी दोनच नावं सुचवेन: विली मेझ आणि हँक ॲरन. दोघंही अलाबामाचे, दोघंही कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगमधून वर आलेले. मेझ १९५१ साली मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमध्ये आला, ॲरन १९५४ साली.

डोळ्यांनी बघायचं असेल तर मेझला तोड नाही. १९५४ च्या वर्ल्ड सिरीजचा (हंगामाअखेरच्या विजेतेपदाच्या मालिकेचा) पहिला सामना, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स मैदान, आठवी इनिंग (म्हणजे डाव), २-२ अशी बरोबरी, क्लीव्हलंडचे दोन धावपटू बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या टप्प्यांवर. विक वर्ट्झनं चेंडू चारशे फुटांच्याही पुढे मारला. मेझनं फलंदाजाकडे पाठ फिरवून धाव घेतली आणि खांद्यावरून येणारा चेंडू ओंजळीत घ्यावा तसा टिपला. झेलाचं कौतुक सगळेच करतात. मला त्यानंतरची फेक जास्त मोठी वाटते. टोपी उडाली, तो गर्रकन वळला आणि चेंडू थेट आतल्या मैदानात. दुसऱ्या बेसवरचा लॅरी डोबी तिसऱ्यापर्यंतच पोहोचू शकला. मेझच्या जायंट्स संघानं तो सामना दहाव्या इनिंगमध्ये जिंकला आणि मालिका ४-० अशी.

मेझचे आकडेही भक्कम आहेत: ६६० होम रन (बहुधा कुंपणापार जाणारा, फलंदाजाला थेट धाव देणारा फटका), क्षेत्ररक्षणाचे १२ गोल्ड ग्लव्ह पुरस्कार, १९५४ आणि १९६५ चे एमव्हीपी, म्हणजे लीगमधल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूचे किताब. तेही लष्करी सेवेपायी १९५२ चा बहुतेक आणि १९५३ चा अख्खा हंगाम हुकलेला असताना. सर्वांगीण खेळाडू म्हणून मी त्यालाच वरचढ मानतो.

तरीही कारकीर्द वाचायची, तर आधी ॲरनची. त्याच्या नावापुढे ७५५ होम रन लिहून लोक मोकळे होतात, हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याचे एकूण हिट, म्हणजे फलंदाजाला बेस गाठून देणारे फटके, ३,७७१. त्यातून सगळे होम रन वजा करा, तरी तीन हजारांवर हिट उरतात! एका हंगामात पन्नास होम रन त्यानं कधीच मारले नाहीत, सर्वाधिक ४७. पण १९५५ ते १९७४ अशी सलग वीस वर्षं, दर हंगामात किमान वीस. त्याच्या फटक्यांवर संघाला मिळालेल्या २,२९७ धावांचा विक्रम आजही अबाधित आहे. रोज मैदानावर उतरून नेमानं केलेलं हे काम एखाद्या चित्रफितीत मावत नाही; ते हंगामामागून हंगाम वाचावं लागतं.

आणि त्यात १९७३-७४ चा तो हिवाळा येतो. जुन्या काळचा दिग्गज बेब रूथ याच्या ७१४ होम रनच्या विक्रमापासून ॲरन एका होम रनवर थांबला होता. एक काळा माणूस हा विक्रम मोडणार, म्हणून शिव्यांची आणि जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रं येत होती. ती त्यानं जपून ठेवली. ८ एप्रिल १९७४ ला अटलांटात ७१५ वा होम रन झाला, तेव्हा त्याची आई मैदानात येऊन त्याला घट्ट बिलगली.

वाचताना १९५७ पासून सुरुवात करा. त्याच वर्षी त्याच्या ब्रेव्ह्ज संघानं (तेव्हा तो अटलांटात नव्हे, मिलवॉकीत होता) वर्ल्ड सिरीज जिंकली आणि ॲरनला त्याचा एकमेव एमव्हीपी मिळाला. तिथून थेट १९७३ वर उडी मारू नका. मधले हंगाम एकेक करून वाचा.